फूटी टीम कशी ठरवायची: मेलबर्नला आलेल्या मराठी मंडळींसाठी पायरी-पायरीने

मेलबर्नमध्ये नवीन नोकरी लागली की पंधरा दिवसांच्या आत कॉफी मशीनपाशी कोणीतरी विचारणारच, "सो, हू डू यू बॅरॅक फॉर?" म्हणजे फूटीत, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, तू कुठल्या टीमचा? आपला माणूस गोड हसून सांगतो, मी नाही बघत फूटी, समोरचाही गोड हसतो, कप उचलतो आणि जातो. विषय संपला. गुन्हा काही नाही यात, पण मार्च ते सप्टेंबर या गावात सोमवारी सकाळी दुसरा विषय नसतो, म्हणजे अर्धं वर्ष तुम्ही त्या घोळक्यात नुसते मान हलवत उभे.

मग दर मार्चमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच प्रश्न, कुठली टीम घेऊ, आणि खाली तीच उत्तरं, सध्या जिंकतेय ती घे, जर्सी भारी आहे ती घे, किंवा "कशाला, आयपीएल आहे की". म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं मत असं की टीम घेताना टीमकडे कमी बघायचं आणि आपल्या आजूबाजूच्या माणसांकडे जास्त. हरल्यावर चिडवायला तुम्हाला कोण फोन करणार, मॅचला शेजारी कोण बसणार, हे आधी बघा, मग रंग, मग ट्रॉफ्या. इथल्या लोकांना त्यांच्या टीमा अशाच मिळाल्यात, फक्त त्यांना ते लहानपणीच मिळालं आणि आपण ते तिशी-पस्तिशीत करतोय.

आधी खेळ, पाच मिनिटांत

लंबगोल मैदान, एका बाजूचे १८ जण, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने बॉल गेला की गोल, ६ पॉइंट. त्यांच्या बाजूच्या बुटक्या खांबांमधून गेला की बिहाइंड, १ पॉइंट. म्हणून स्कोअर १२.८ असा दिसतो, १२ गोल आणि ८ बिहाइंड, म्हणजे ८०. बॉल हाताने फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. लांबून लाथेने आलेला बॉल हवेत झेलला तर तो मार्क, आणि मार्क घेणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. पळताना दर १५ मीटरला बॉल जमिनीला टेकवावा लागतो. ऑफसाइड नाही. चार क्वार्टर, प्रत्येकी २० मिनिटं पण मधला थांबलेला वेळ वाढवून देतात, त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास जातं.

क्रिकेटवाल्यांना आवडेल असा एक भाग म्हणजे हा खेळ क्रिकेटरांनीच सुरू केलेला. टॉम विल्स नावाचा त्या काळचा नावाजलेला क्रिकेटर, त्याने १८५८ मध्ये पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले खेळाडू सुस्तावतात, तर फुटबॉलचा क्लब काढा. १८५९ मध्ये नियम लिहून झाले. पुढे खेळ क्रिकेटच्याच मैदानांवर रुजला, त्यामुळे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये विराटने पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ मारले ते एमसीजी हिवाळाभर फूटीचं असतं.

एवढं पुरे. बाकीचे नियम शेजारी बसलेला माणूस न विचारता सांगतो.

पहिली पायरी: इथल्या लोकांना टीम मिळते कशी ते समजून घ्या

एखाद्या मेलबर्नकराला विचारा की तू एसेंडनचा कसा, तर तो आधी गोंधळतो, कारण असा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. मग म्हणतो, डॅड एसेंडन. डॅड का एसेंडन? तर आजोबा तिथे राहायचे. आपलं कुलदैवत जसं, कोणी बसून निवडलेलं नसतं, जेजुरी तर जेजुरी, तसंच हे, आणि लग्नानंतर दोन घरांची दोन असली की थोडी देवाणघेवाण होते.

पण आजोबांच्या मागे गेलात की कारण सापडतं आणि ते बहुतेक वेळा पत्ता हेच असतं. १८९७ मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली, त्यातला जिलाँग सोडला तर सगळे मेलबर्नच्या वस्त्यांचे. कॉलिंगवूड, कार्लटन, फिट्झरॉय, एसेंडन, सेंट किल्डा, साउथ मेलबर्न, आणि शहराच्या नावाचा मेलबर्न. १९०८ मध्ये रिचमंड आला, १९२५ मध्ये हॉथॉर्न, नॉर्थ मेलबर्न आणि फुट्सक्रे. प्रत्येकाचं आपलं मैदान आपल्या वस्तीत. आणि त्या काळी खेळाडूंनाही पत्त्यावरून क्लब ठरवून दिलेला असायचा, म्हणजे शनिवारी मैदानात दिसणारा माणूस सोमवारी तुमच्याच गल्लीतून कामावर जायचा. तो तुमचा मुलगा, तुमच्या शाळेतला, तुमच्या कारखान्यातला. अशा ठिकाणी दुसरी टीम धरायची म्हणजे शेजाऱ्यांशी वैर.

शिवाय वस्तीबरोबर जात-वर्ग म्हणतो तसलं पण यायचं. कॉलिंगवूड म्हणजे गरीब कामगार, बरेच आयरिश कॅथलिक. नॉर्थ मेलबर्न कत्तलखान्यांच्या बाजूचा. कार्लटनकडे पैसेवाले आणि वजनदार लोक, एकेकाळचे पंतप्रधान मेन्झीज कार्लटनचेच. मेलबर्न क्लब म्हणजे साहेबलोक, अजूनही त्यांना चिडवतात की टीम हरायला लागली की हे बर्फात स्कीइंगला निघून जातात. आज कॉलिंगवूडमध्ये घर घ्यायला गेलात तर कामगार कुठला, डॉक्टरलाही घाम फुटेल, पण चिडवाचिडवी जुनीच चालू आहे.

इथे आपल्या कामाची गोष्ट अशी की बाहेरून आलेल्यांनीही याच वाटेने टीम मिळवली. युद्धानंतर इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह लोक स्वस्त भाडं बघून कार्लटन, फिट्झरॉय, रिचमंडमध्ये उतरले, आईबापांना इंग्रजी येत नव्हतं पण पोरं शाळेत गेली आणि पोरांनी टीम घरी आणली. १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या निर्णायक मॅचमध्ये, कॉलिंगवूडच्या खेळाडूच्या खांद्यावर चढून ज्याने मार्क घेतला तो कार्लटनचा ॲलेक्स जेसॉलेंको ऑस्ट्रियात, साल्झबर्गला जन्मलेला. त्या दिवशी मैदानात १,२१,६९६ माणसं होती, तो आकडा आजवर मोडलेला नाही.

एएफएलने, म्हणजे आजच्या लीगने, तर हा वारसा नियमातच बसवलाय. बाप एखाद्या क्लबकडून १०० मॅच खेळला असेल तर मुलाला घेताना त्या क्लबला आधी संधी. कॉलिंगवूडचा पीटर डायकॉस आणि आता त्याचे दोन्ही मुलगे जॉश आणि निक, तिघे त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत.

मेलबर्नबाहेर गणित वेगळं आहे. लीगचं नाव १९९० मध्ये एएफएल झालं आणि देशभर पसरली, आता १८ टीमा आहेत, त्यातल्या दहा व्हिक्टोरियात. ॲडलेडला दोनच टीमा, आणि तिथे प्रश्न "तू कुठल्या टीमचा" असा नसतोच, तू पोर्टवाला की बाकी सगळे एवढाच. पोर्ट ॲडलेड क्लब १८७० चा, तो १९९० मध्ये परस्पर एएफएलमध्ये शिरायला निघाला म्हणून बाकीचं ॲडलेड खवळलं आणि १९९१ ला ॲडलेड क्रोज ही वेगळी टीम उभी राहिली, पोर्टला मग १९९७ पर्यंत थांबावं लागलं. ते अजून विसरलेले नाहीत. पर्थमध्ये वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटल, घर नदीच्या कुठल्या बाजूला यावरही ठरतं. सिडनी आणि ब्रिस्बेन रग्बीचा मुलूख, तिथे तुम्ही फूटी बघता म्हटलं तरी पुरे. तिकडच्या मंडळींना जास्त डोकं लावायचं कारण नाही, गावची टीम घ्या आणि मोकळे व्हा. खाली मी मुख्यतः मेलबर्नबद्दल बोलतेय, कारण दहा टीमांचा घोळ इथेच आहे.

दुसरी पायरी: टीम तुमच्या घरात आधीच आली आहे का बघा

हे लोक विसरतात. पोरगा प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाला, जातो, दुसऱ्या टर्मला घरी येऊन सांगतो की मी रिचमंड. का, तर त्याचा जिवलग मित्र रिचमंड. आईबाप हसतात आणि स्वतः इंटरनेटवर टीम शोधत बसतात! अहो, टीम घरात आली. पाच-सहा वर्षांचं पोर ऑझकिकला जात असेल, ते लहान मुलांचे फूटीचे वर्ग असतात शनिवारी-रविवारी सकाळी, तर तिथल्या बाकी पालकांची टीम कुठली ते बघा, पुढची सहा-सात वर्षं त्याच लोकांबरोबर थंडीत कुडकुडत कॉफी प्यायची आहे.

पोरं नसतील तर ऑफिस. माझा नवरा असाच कॉलिंगवूडचा झाला. त्याच्या टीममधले दोघं कॉलिंगवूड, त्यांनी एका शुक्रवारी रात्री ओढून नेलं, परत आला तेव्हा गळ्यात स्कार्फ. मी बुलडॉग्जची, म्हणजे पूर्वीच्या फुट्सक्रेची, कारण आमचं पहिलं भाड्याचं घर फुट्सक्रेला आणि शेजारच्या आजी दर मॅचनंतर कुंपणावरून मला स्कोअर सांगायच्या, मी विचारलेला नसायचा तरी. एका घरात दोन टीमा चालतात, इथे अशी हजारो घरं आहेत. फक्त पोरं झाल्यावर कोणाची हा वाद लग्नातल्या मानपानापेक्षा चिवट असतो, तो आधीच मिटवून ठेवा.

जोडीदार इथलाच असेल तर तुम्हाला निवड नाही. सासऱ्यांची टीम कुठली ते विचारा, तीच घ्या, पहिला ख्रिसमस सोपा जातो.

तिसरी पायरी: नकाशा काढा

वरच्यातलं काहीच लागू नसेल तर पत्ता. आता बहुतेक मॅचेस एमसीजी किंवा डॉकलँड्सच्या मार्व्हल स्टेडियममध्ये होतात, जुनी वस्तीतली मैदानं सरावापुरती उरली, तरी क्लबांचा आपापल्या भागाशी संबंध तुटलेला नाही.

आपली बरीच मंडळी पश्चिमेला, टारनीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरीबी. तो सगळा पट्टा वेस्टर्न बुलडॉग्जचा, म्हणजे पूर्वीचा फुट्सक्रे, सराव अजून फुट्सक्रेच्या व्हिटन ओव्हलवर. ज्युलिया गिलार्ड आठवतात? जन्म वेल्समधला, लहानपण ॲडलेडला, मग वेरीबीच्या भागातून खासदार झाल्या आणि टीम कुठली, तर बुलडॉग्ज. बाहेरून आलेल्या माणसाने पत्त्यावरून टीम घेतली आणि पुढे पंतप्रधानही झाली, काही अडलं नाही. टारनीटहून ट्रेन थेट सदर्न क्रॉसला जाते, मार्व्हल स्टेडियम तिथून पादचारी पुलापलीकडे. आणि तीच ट्रेन उलट दिशेने पकडली तर जिलाँग. जिलाँगचं आपलं मैदान आहे, गाव टीमसाठी वेडं आहे, आणि १० प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, आहेत, शेवटची २०२२ ची. म्हणजे टारनीटवाल्याने प्लॅटफॉर्मवर उभं राहून ठरवावं कुठल्या बाजूला जायचं.

विमानतळाकडे, टलमरीनच्या बाजूला राहत असाल तर एसेंडनचं सरावकेंद्र तिथेच आहे. दक्षिण-पूर्वेला मुराबिन भागात सेंट किल्डा, हॉथॉर्न आता डिंगलीला गेलेत, क्रॅनबर्नकडे मेलबर्न क्लबचं केसी फील्ड्स. सराव बघायला जायचा असेल तर क्लबच्या साइटवर कधी खुला आहे ते बघून जा, पोरांना सह्या मिळतात, खेळाडू उभे राहून बोलतात, आपल्याकडच्या क्रिकेटरांच्या भोवती असतो तसा पोलीस बंदोबस्त वगैरे नसतो.

चौथी पायरी: क्लबचा स्वभाव सोसणार आहे का

दोन-तीन नावं शिल्लक राहिली की मग इतिहास बघा. सगळ्या टीमांचं इथे सांगत नाही, पण नवीन माणसाने ज्यांच्याबद्दल सावध असावं त्यांचं सांगते.

कॉलिंगवूड. सगळ्यात मोठी गर्दी, १६ प्रीमियरशिप, कार्लटन आणि एसेंडनच्या बरोबरीने. २०२३ ची ग्रँड फायनल ब्रिस्बेनविरुद्ध ४ पॉइंटने जिंकली. पण ही टीम घेतलीत की उरलेलं अख्खं शहर तुमच्या विरोधात, आणि ते मनापासून. १९५८ ते १९९० अशी ३२ वर्षं हे लोक ग्रँड फायनलपर्यंत जाऊन हरत राहिले, त्यातली ती १९७० ची तर हाफटाइमला ४४ पॉइंटने पुढे असताना. चिडवून घ्यायची हौस असेल तर उत्तम.

कार्लटन आणि एसेंडन दोन्ही मोठी घराणी, दोन्ही जुन्या वैभवावर. कार्लटनची शेवटची प्रीमियरशिप १९९५ ची, एसेंडनची २००० ची, आणि एसेंडन तर २००४ नंतर एक साधी फायनल, म्हणजे सीझनच्या शेवटी वरच्या टीमांमध्ये होतात त्यातली एखादी मॅचसुद्धा, जिंकलेली नाही, २०२५ च्या सीझनपर्यंत तरी. यांचे जुने फॅन्स फार बोलतात, नवीन लोकांना स्वागत छान करतात कारण दुःख वाटून घ्यायला माणसं हवी असतात.

सेंट किल्डा. मला यांच्याबद्दल खरंच माया आहे. इतक्या वर्षांत एकच प्रीमियरशिप, १९६६ ची, ती पण एका पॉइंटने. २०१० ची ग्रँड फायनल कॉलिंगवूडशी बरोबरीत सुटली, शेवटच्या मिनिटांत बॉल स्टीफन मिल्नच्या पुढे टप्पा खात गोलकडे चाललेला, आणि तो अंड्याच्या आकाराचा बॉल ऐन वेळी भलतीकडे वळला. पुढच्या शनिवारी परत खेळवली त्यात हरले. तो टप्पा अजून सेंट किल्डाच्या माणसाला झोपेत दिसतो.

मेलबर्न क्लब, ५७ वर्षं थांबून २०२१ ला जिंकले, आमच्या बुलडॉग्जनाच हरवून, पण कोविडमुळे मॅच पर्थला आणि इकडे शहर लॉकडाउनमध्ये, म्हणजे जन्मभर वाट बघितलेल्या माणसाने प्रीमियरशिप सोफ्यावर बसून बघितली, मिठी मारायला शेजारी पण आत येऊ शकत नव्हता.

हॉथॉर्न यशाची सवय असलेले, २०१३, १४, १५ लागोपाठ तीन. त्यांचं पण १९९६ मध्ये संपत आलं होतं, पैसे नव्हते, मेलबर्न क्लबशी विलीनीकरण ठरत होतं. माजी कॅप्टन डॉन स्कॉट सभेत नव्या एकत्रित क्लबची जर्सी घेऊन उभा राहिला, आणि तिच्यावर व्हेल्क्रोने चिकटवलेली हॉथॉर्नची निशाणी सगळ्यांसमोर फाडून काढली, उरली ती मेलबर्नची जर्सी. हॉथॉर्नच्या मेंबरांनी विलीनीकरणाला नाही म्हटलं. मेलबर्नवाल्यांनी हो म्हटलं होतं बरं का, ते अजून ऐकवलं जातं.

आणि बुलडॉग्ज, मी निःपक्षपाती नाही हे सांगून ठेवते. १९८९ मध्ये लीगने फुट्सक्रे बंद करून फिट्झरॉयमध्ये मिसळायचं जाहीर केलं, तर लोकांनी दारोदार डबे फिरवून पैसे जमवले, कोर्टात गेले आणि क्लब वाचवला. प्रीमियरशिप दोनच, १९५४ आणि २०१६. २०१६ ला सातव्या नंबरवरून फायनल्समध्ये शिरले आणि जिंकले, ६२ वर्षांनी. कॅप्टन बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. बक्षीस देताना कोच ल्यूक बेव्हरिज मंचावर गेला, कोचला मिळतं ते मेडल घेतलं, मर्फीला वर बोलावलं आणि ते मेडल स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीला काय करावं कळेना. आमच्या त्या आजींनी हे सांगताना दोन्ही हातांनी करून दाखवलं होतं.

पाचवी पायरी: मैदानात जा, टीव्हीवर ठरवू नका

टीव्हीवर हा खेळ नुसता धांदल वाटतो. मैदानात वरच्या मजल्यावर बसलात तर कळतं की मोकळी जागा कोण शोधतोय, बॉल कुठे जाणार. एमसीजीला जोलिमाँट किंवा रिचमंड स्टेशनवरून चालत जायचं, गर्दीच्या मागे गेलात तरी पोचता. साध्या मॅचला जनरल ॲडमिशन घ्या, कुठेही बसता येतं. थंडीचे कपडे एक थर जास्तच घ्या, जूनमधली एमसीजीवरची संध्याकाळ पुण्याच्या डिसेंबरपेक्षा पुष्कळ वाईट असते. डबा नेता येतो, काचेची बाटली नको, बॅगा तपासतात. आम्ही पोळीचे रोल नेतो, नवरा तरीही मीट पाय घेतोच, खिमा भरलेली पेस्ट्री, टोमॅटो सॉस टोचून आत घालतात तो, पहिला घास जपून, आतला खिमा जीभ भाजतो.

इथे दोन्ही टीमांचे लोक मिसळून बसतात, वेगळे कप्पे नसतात, एका कुटुंबात दोन स्कार्फ सर्रास दिसतात. गोलच्या मागे मात्र प्रत्येक क्लबचा चिअर स्क्वॉड असतो. मॅचच्या आधी ते क्रेप कागदाचा भलामोठा बॅनर उभा करतात, आठवडाभर हौशी लोकांनी बसून चिकटवलेला, त्यावर विरुद्ध टीमला टोमणा, आणि खेळाडू पळत येऊन तो फाडून मैदानात शिरतात. काही सेकंदांत चिंध्या. पहिल्यांदा बघितल्यावर जीव हळहळतो.

ज्या दोन-तीन टीमांमध्ये तुमचं अडलंय त्यांची प्रत्येकी एक मॅच बघा, आणि खेळ कमी बघितलात तरी चालेल, लोक बघा. टॅकल झाल्यावर अख्खा स्टँड एका सुरात "बॉऽऽल!" ओरडतो तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूने ओरडलात ते लक्षात ठेवा. मॅच संपल्यावर जिंकलेल्या क्लबचं गाणं लागतं, सगळे उभे राहून गातात. तिथे तुमच्या तोंडून आपोआप काय निघालं ते पण बघा.

महागाईत परवडत नसेल किंवा पोरं लहान असतील तर एएफएलडब्ल्यू बघा, बायकांची लीग, २०१७ ला सुरू झाली, आता सगळ्या १८ क्लबांची टीम आहे. मैदानं छोटी, गर्दी कमी, खेळाडू दहा फुटांवर. पुरुषांच्या टीमने रडवलेल्या नॉर्थ मेलबर्नच्या लोकांना २०२४ मध्ये त्यांच्या बायकांच्या टीमने एकही मॅच न हरता प्रीमियरशिप मिळवून दिली.

कशावरून ठरवू नये

आत्ताच्या टेबलावरून अजिबात नको. इथे खर्चावर मर्यादा असते, आणि तळाला गेलेल्या टीमला पुढच्या वर्षी नव्या पोरांमधली पहिली निवड मिळते, म्हणजे सगळ्यांना फिरवून आणायचीच व्यवस्था आहे. आज पहिल्या नंबरची टीम पाच वर्षांनी तळाला असू शकते, आणि तेव्हा ऑफिसमधले तुम्हाला विचारणार, अरे तू कुठे दिसत नाहीस. रिचमंडचंच बघा, ३७ वर्षांनी २०१७ ला जिंकले, मग २०१९, २०२० पण, आणि चार वर्षांत थेट तळाला.

एका खेळाडूवरून पण नको. गॅरी ॲब्लेट ज्युनियर, ज्याचा बाप जिलाँगचा देव होता, तो २०११ ला गोल्ड कोस्टला गेला. परत आला म्हणा, पण सात वर्षांनी. त्याही आधी १९६४ च्या शेवटी रॉन बरासी, मेलबर्न क्लबला सहा प्रीमियरशिप मिळवून देणाऱ्यांतला, बाप पण त्याच क्लबचा, तो कार्लटनला निघून गेला. त्या दिवशी लहान असलेली माणसं आज म्हातारी झालीत आणि अजून सांगतात कोणी कुठे बातमी ऐकली. खेळाडू जातात, तुम्ही अडकून राहता.

रंगावरून घेतलं तर मी हसणार नाही. बऱ्याच इथल्या लोकांनीसुद्धा चार वर्षांचे असताना वाघ आवडला म्हणून रिचमंड घेतलेलं असतं. फक्त हॉथॉर्नची चॉकलेटी-पिवळी जर्सी एकदा अंगावर घालून आरशात बघा आणि मग ठरवा.

सहावी पायरी: हरल्यावरची परीक्षा

एक महिना तात्पुरती टीम धरा, कोणाला सांगू नका. ती हरली की काय होतंय ते बघा. काहीच वाटलं नाही तर ती तुमची नाही. वाईट वाटलं, रात्री हायलाइट्स लावावेसे वाटले नाहीत, आणि अंपायरबद्दल मराठीत चार शब्द निघाले तर झालं काम.

सातवी पायरी: जाहीर करा, आणि पैसे घाला

ऑफिसमध्ये टिपिंग असतं, दर आठवड्याला कोण जिंकणार ते सांगायचं, पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी भरायचं, बऱ्याचदा गुरुवारी संध्याकाळी, अलार्म लावून ठेवा. त्यात तुमच्या नावापुढे टीम लिहावी लागते, तेच तुमचं बारसं. आपल्याच टीमला टिप द्यायची की डोक्याने द्यायची यावर माणसं भांडतात, मी डोक्याने देते आणि जिंकले की दुप्पट आनंद.

स्कार्फ आधी घ्या, जर्सी नंतर. मेंबरशिप अकरा मॅचची लगेच नको, बहुतेक क्लब तीन मॅचची देतात, पहिल्या वर्षी तेवढी पुष्कळ झाली. मेंबरशिपचा खरा उपयोग सप्टेंबरमध्ये, टीम ग्रँड फायनलला गेली तर तिकिटं आधी मेंबरांनाच, आणि तेव्हाही सगळ्यांना मिळत नाहीत, वरच्या दर्जाची मेंबरशिप असलेल्यांचा नंबर आधी. गणपती आणि फायनल्स बहुधा एकाच सुमारास येतात, आरतीच्या वेळी मागच्या रांगेत फोनवर कोण काय बघतंय ते सगळ्यांना माहीत असतं.

बदलता येते का?

नाही. म्हणजे कायदा नाही, पण माणूस उतरतो. नोकरी बदला, गाव बदला, टीम नाही.

याला मान्य असलेले अपवाद थोडेच. साधारण दहा वर्षांखालचं पोर एकदा बदलू शकतं. दुसरं, क्लबच मेला तर. फिट्झरॉय, १८९७ च्या आठांपैकी एक, १९९६ च्या १ सप्टेंबरला पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्ध शेवटची मॅच खेळला आणि मग ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. काही लोक ब्रिस्बेन लायन्सबरोबर गेले, त्यांना २००१, ०२, ०३ अशा तीन आणि परत २०२४, २०२५ मिळाल्या, जर्सीवर फिट्झरॉयचाच सिंह. काहींनी जवळची दुसरी टीम धरली. आणि काहींनी फूटी बघणंच सोडलं, ते तुम्हाला भेटले तर हा विषय काढू नका. साउथ मेलबर्नवाल्यांचं तसंच, क्लब १९८२ ला सिडनीला गेला, सिडनी स्वान्स झाला, पुढे २००५ ला ७२ वर्षांनी प्रीमियरशिप जिंकली तेव्हा मेलबर्नमधल्या जुन्या लाल-पांढऱ्या स्कार्फांना पेटीतून बाहेर काढलं गेलं.

तिसरा अपवाद टास्मानियाचा. त्यांची डेव्हिल्स २०२८ ला येतेय, एकही मॅच न खेळता दहा डॉलरची मेंबरशिप लाखाच्या वर लोकांनी घेऊन ठेवली आहे. होबार्टला राहणाऱ्या माणसाने आत्ताची टीम सोडून तिकडे गेलं तर कोणी काही म्हणणार नाही. मेलबर्नमध्ये बसून गेलात तर म्हणतील.

दुसरी टीम ठेवायला हरकत नाही, मात्र ती दुसऱ्या राज्यातली असावी आणि आपल्या टीमविरुद्ध खेळताना विसरायची.

राहता राहिला प्रश्न ग्रँड फायनलचा, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरियाला सुट्टी, प्रत्येक घरात बार्बेक्यू. तुमची टीम बहुतेक वर्षी त्यात नसणार, मग कोणाची बाजू घ्यायची? खेळणाऱ्यांत कॉलिंगवूड असेल तर दुसऱ्याची. घरातले एक गृहस्थ हे वाचणार आहेत, वाचू देत.